गरागरा बोलणारी ती गॅर्युलस

आमच्या गल्लीतल्या एक काकू गॅर्युलस आहेत, असं आई म्हणते. काकूंचे यजमान टॅसिटर्न. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू पार्सिमोनियस, कारण जिन्यातला दिवा ते सात वाजताच मालवतात. समोरच्या घरातल्या बाळाला दात येताहेत, म्हणून ते सध्या क्वेर्युलस आहे. हे सगळं ती मला फोनवर सांगते, अस्सल सांगलीच्या मराठीत, आणि मधूनच हे शब्द असे टाकते की ते तिच्या माहेरून आले असावेत असं वाटावं.

ते आमच्या घरात आले २००५ सालच्या उन्हाळ्यात, मी जीआरईचा अभ्यास करत होते तेव्हा. परीक्षा मी दिली, अमेरिकेला मी आले. शब्द मात्र बहुतेक सगळे तिच्याकडे राहिले.

ज्यांनी ती परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत एम.एस. किंवा पीएच.डी.ला जायचं तर तिथली बहुतेक विद्यापीठं तेव्हा जीआरईचे गुण मागत. सुरुवातीला दोन निबंध. मग भाषेच्या विभागात ३० मिनिटांत ३० प्रश्न आणि गणिताच्या विभागात ४५ मिनिटांत २८. दोन्ही विभागांना २०० ते ८०० गुण. गणित आपल्या दहावीच्या फारसं पुढे जात नसे, त्यामुळे इंजिनिअरिंगची मुलं त्याला घाबरत नसत. घाबरायचं ते भाषेला. विरुद्धार्थी शब्द, शब्दांच्या जोड्या, गाळलेल्या जागा आणि उतारे. एखादा शब्द कधी ऐकलेलाच नसेल तर त्याचा विरुद्धार्थी कुठून सांगणार? २०११ साली परीक्षेचं रूप बदललं आणि विरुद्धार्थी शब्द, जोड्या दोन्ही गेल्या. पण आमच्या वेळी सगळी मदार पाठांतरावर होती. बॅरन्सच्या जाड पुस्तकात ३,५०० शब्दांची यादी असे, ५० तुकड्यांत वाटलेली. 'अबेस'पासून निघायचं आणि 'झेफर'पर्यंत पोचायचं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजीची पहिली अक्षरं पाचवीत गिरवली होती. सीनियर मुलीकडून घेतलेल्या जुन्या प्रतीतली पहिली यादी मी एप्रिलमध्ये वाचली. सत्तर शब्दांपैकी मला बारा येत होते.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "रोज एक यादी म्हटली तर पन्नास दिवस. त्यात काय?"

हा हिशेब ती करू शकत होती, कारण तिने स्वतः एक परीक्षा अशीच दिलेली होती.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. १९९३ साली ते गेले तेव्हा मी चौथीत होते आणि आई बत्तीस वर्षांची. ती बारावी शिकलेली. घराबाहेर कधी नोकरी केलेली नव्हती. वर्षभराने तिला त्याच खात्यात अनुकंपा तत्त्वावर लिपिक-टंकलेखक म्हणून घेतलं, पण अट होती: ठरलेल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास व्हायची. मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०. ऑफिस सुटल्यावर ती टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जायची आणि मी तिच्यासोबत, कारण घरी मला सांभाळायला कोणी नव्हतं. दहा-बारा मशिनांचा खडखडाट, शाईच्या रिबनचा वास, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली आई: ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे-एच-जे. माझं काम घड्याळ धरायचं. मिनिट झालं की "थांब" म्हणायचं, मग आम्ही दोघी शब्द मोजायचो आणि चुका वजा करायचो. मराठीत ती पहिल्याच खेपेला पास झाली. इंग्रजीत नापास. दुसऱ्यांदाही नापास. तिसऱ्यांदा पास झाली त्या दिवशी तिने मला बसस्टँडजवळ उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायली. तोपर्यंत नोकरी राहील की जाईल हे ठरलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, आई टायपिंग शिकतेय.

तर पन्नास याद्या. आईने एक युक्ती काढली. गल्लीतल्या घराघरांतून जुन्या लग्नपत्रिका जमा केल्या. येत असलेले शब्द वगळून साधारण दोन हजार उरत होते. संध्याकाळी ती त्याच जुन्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द टाइप करून आणायची, मी खाली मराठीत अर्थ लिहायची, मग कात्रीने तुकडे. रात्री जेवणं झाली की ती कार्ड हातात धरून शब्द वाचायची आणि मी अर्थ सांगायचा. माझ्या बाजूला दिसायचा पत्रिकेचा छापील तुकडा. त्यामुळे आजही काही शब्दांबरोबर मला भलतंच आठवतं. 'विट्युपरेट', म्हणजे शिव्याशाप देणे, याच्यामागे होतं 'वडीलधाऱ्यांच्या शुभाशीर्वादाने'. 'ऑब्ड्युरेट', म्हणजे हट्टी, अडेल, याच्यामागे 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं'.

नुसतं पाठ होईना, तेव्हा आईने शब्दांना मराठी चिमटे लावायला सुरुवात केली. गरागरा बोलणारी ती गॅर्युलस. कुरकुर करणारा क्वेर्युलस. काजू देऊन मन वळवायचं म्हणजे कजोल. पै-पैसा मोजणारा पार्सिमोनियस. 'सँग्विन'वर आम्ही दोघी अडलो होतो. पुस्तकात अर्थ होता आनंदी, आशावादी. शब्दाचं मूळ मात्र लॅटिनमधल्या रक्तात. रक्ताचा आणि आशेचा संबंध काय, हे मला पटेना. आई म्हणाली, "सोपं आहे. 'सांग ना, होईल ना सगळं नीट?' असं जो विचारतो ना, तो सँग्विन." मी म्हटलं, "जो विचारतो त्याला शंका असते." ती म्हणाली, "शंका असूनही विचारतो म्हणजे आशा आहेच की."

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

पहिल्याच रात्री, पहिल्याच यादीत एक शब्द होता. आईने वाचला, "अबेयांस." मी पुस्तकात बघून म्हटलं, "अबेयांस नाही गं, अबेयन्स." ती म्हणाली, "हा मला माहिताय. केप्ट इन अबेयन्स. म्हणजे फाइल मरत नाही, पण हलतही नाही." मी म्हटलं, "हो, तात्पुरती स्थगिती," आणि कार्ड येणाऱ्यांच्या गठ्ठ्यात टाकलं. तिला तो शब्द कसा काय येतो, हे माझ्या मनातही आलं नाही. मला तिचा उच्चार ऐकू आला होता, अर्थ नाही.

असं पुढेही होत राहिलं. 'रिसिंड' आला तर ती म्हणायची, कंत्राट रद्द. 'डिफ्रे' म्हणजे खर्च भागवणं. 'एक्स्टंट' म्हणजे सध्या लागू असलेला, एक्स्टंट रूल्स. 'कंडोन' म्हणजे उशीर माफ करणं. मी ते ऐकायची आणि पुढच्या कार्डाकडे वळायची.

जूनमध्ये माझ्या वर्गातली एक मैत्रीण दोन दिवस अभ्यासाला आमच्याकडे राहिली. ती इंग्रजी माध्यमातली, पुण्यात वाढलेली, स्वभावाने अगदी साधी. रात्री आई नेहमीप्रमाणे कार्ड घेऊन बसली आणि तिने वाचलं, "सबटल." मैत्रीण हसली. वाईट हसली नाही, म्हणाली, "काकू, त्यातला बी म्हणायचा नसतो." आईही हसली. आणि मी, कोणी काही विचारलं नसताना, म्हटलं, "अगं, आईला इंग्रजी येत नाही. ती नुसतं टाइप करते."

आईने कार्ड खाली ठेवलं नाही की चेहरा पाडला नाही. पुढचा शब्द वाचला. पण त्या रात्रीनंतर ती शब्द वाचायच्या आधी एक क्षण थांबायला लागली. कुठलं अक्षर गिळायचं असतं, याचा अंदाज घेत. तो क्षणभराचा थांबा मला रोज दिसायचा आणि मी काही बोलायची नाही.

अभ्यास पुढे जात होता. परीक्षा संगणकावर असे आणि तिची एक खोड होती: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. मागे जाऊन उत्तर बदलायची सोय नाही. पहिले दहा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, अशी आम्हा सगळ्यांची श्रद्धा होती. त्यामुळे सराव परीक्षेत सोपा प्रश्न समोर आला की पोटात गोळा यायचा. आईला हे समजावून सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. "ऑफिसात असंच असतं. जो काम करतो त्याच्याच टेबलावर आणखी फाइली." शब्दांच्या जोड्यांचा खेळही तिला आवडायचा. गवंडी आणि थापी, तसा सुतार आणि रंधा. साहेब आणि सही, तसा शिपाई आणि शिक्का.

तिचा खरा उपयोग झाला निबंधांना. पहिल्या निबंधात दिलेल्या विषयावर ४५ मिनिटांत आपलं मत मांडायचं, दुसऱ्यात अर्ध्या तासात कोणाच्या तरी युक्तिवादातल्या फटी शोधायच्या. विषयांची भली मोठी यादी परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच जाहीर करत असे, तरी मला पहिलं वाक्य सुचायचं नाही. मी थोरामोठ्यांच्या वचनांनी सुरुवात करायची, मग इतिहास, मग निसर्ग. आईने एक निबंध मला मराठीत सांगायला लावला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विषय कुठाय? पत्रात आधी विषय. मग संदर्भ. मग काय म्हणायचंय ते. मग साहेबांनी काय करावं अशी तुझी अपेक्षा आहे ते. साहेबांना तिसऱ्या ओळीपर्यंत कळलं नाही तर फाइल खाली जाते." मी तो साचा घेतला. विषय, संदर्भ, मुद्दे, विनंती. निबंधाला सहापैकी साडेचार गुण आले ते सरकारी पत्राच्या जोरावर.

परीक्षेची तारीख मिळाली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. केंद्र मुंबईत. फी डॉलरमध्ये. आईने भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढला. कारणाच्या रकान्यात 'मुलीचे उच्च शिक्षण' असं तिने स्वतःच टाइप केलं.

२६ जुलैला मुंबई बुडाली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना आठवतं. आमच्याकडे काय झालं ते सांगलीबाहेर कमी लोकांना आठवतं. कृष्णा आणि वारणा दोन्ही फुगल्या. सांगलीत पाणी मोजायचं ठिकाण म्हणजे आयर्विन पूल, १९२९ सालचा. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी पाणी पन्नासच्या वर गेलं. आमचं घर गावभागात. मारुती चौकात पाणी आलं हे कळल्यावर आईने तीन गोष्टी उचलल्या: कागदपत्रांची फाइल, वडिलांचा फोटो आणि कार्डांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आम्ही विश्रामबागेत मावशीकडे गेलो आणि तिथून आई थेट ऑफिसला, कारण पाटबंधारे खात्यात पुराच्या दिवसांत कोणाला सुट्टी नसते.

परीक्षेच्या दिवशी मी सांगलीतच होते. रस्ते बंद, गाड्यांचा भरवसा नाही. तारीख बदलायला काही दिवस आधी कळवावं लागतं, असं फोनवरच्या मुलाने मला चार वेळा सांगितलं. पूर आधी कळवून येत नाही, असं मी त्याला एकदा सांगितलं. फी बुडाली.

मी मावशीच्या गच्चीत जाऊन रडले आणि ठरवलं की झालं तेवढं पुरे. कँपसमधून नोकरी मिळेल ती घ्यायची. आईला एकटीला ठेवून जायचं कशाला, हा विचार मुळात होताच. पुराने त्याला चांगलं कारण दिलं. हे सांगायला त्या रात्री मी तिचा डबा घेऊन ऑफिसात गेले. पूर नियंत्रण कक्षात तिची रात्रपाळी होती.

एक लांब टेबल, दोन फोन, वायरलेस सेट, कंदील. वीज नव्हती, त्यामुळे संगणक बंद. कपाटावरचं जुनं टाइपरायटर खाली काढून आईसमोर ठेवलेलं. दर तासाला आयर्विनचा आकडा यायचा, कोयनेतून, वारणेतून किती क्युसेक सोडलं तो आकडा यायचा, आणि आई त्याचा अहवाल टाइप करायची. काही प्रती मराठीत, बाहेर पाठवायच्या काही इंग्रजीत. मी शेजारच्या खुर्चीवर बसले. दोन तास मी तिला पाहिलं. साहेब उभ्याउभ्या मराठीत दोन वाक्यं सांगायचे आणि फोनकडे वळायचे. आई ती वाक्यं इंग्रजीत करून टाइप करायची. तिच्यापुढे कुठला मसुदा नव्हता. कागद मशिनीतून निघाला की साहेब न वाचता सही करायचे, इतका त्यांचा भरवसा होता. मी वाचला. साधं, कोरडं, बिनचूक इंग्रजी. आकड्यापुढे एकच शब्द: रायझिंग. पुढच्या तासाला: रायझिंग. त्याच्या पुढच्या तासाला: स्टेडी.

दहा वर्षं ती निविदा, कंत्राटं, खुलासे, अपिलं टाइप करत होती. सुरुवातीला न कळता, मग थोडं कळून, मग पूर्ण कळून. घरी कोणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. अबेयन्सचा अर्थ तिला पहिल्या रात्रीच येत होता. दोन वर्षं वाट पाहून मिळालेली वरिष्ठ लिपिकाची बढती तिने मी नववीत असताना नाकारली होती, कारण बदली परजिल्ह्यात होती. तेही तिच्याच मशिनीवर टाइप झालं असणार.

पहाटे तीनच्या सुमारास फोन थांबले. मी म्हटलं, "आई, तेव्हा तुला इंग्रजी येत नाही असं मी म्हणायला नको होतं."

ती चष्मा पुसत होती. वर न बघता म्हणाली, "कंडोन्ड."

आणि डब्याकडे हात करून म्हणाली, "कार्डं आणलीस का? आर राहिलेत आपले."

मी आणली नव्हती. पण त्यानंतर मला परीक्षा देणार नाही हे सांगायचं धैर्य झालं नाही. मी एवढंच विचारलं की मी गेले तर तू एकटी काय करशील. तिने उत्तर दिलं नाही. आकडा आला होता. तिने तो टाइप केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. बाहेर अजून पाऊस पडत होता, पण कागदावर आकड्यापुढे लिहिलं होतं: रिसीडिंग.

घरी परतलो तेव्हा भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. ती धुवून काढायला दिवाळी उजाडली. दरम्यान आईने परीक्षेच्या ऑफिसला पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, पूरपरिस्थिती, सोबत तहसीलदारांचा दाखला, आणि शेवटी अनुपस्थिती कृपया कंडोन करावी ही विनंती. त्याला उत्तर आलं नाही. तिने दुसऱ्यांदा अग्रिमाचा अर्ज केला.

ऑक्टोबरमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही दोघी मुंबईला गेलो. केंद्रात पासपोर्टशिवाय दुसरं ओळखपत्र चालत नसे. सामान लॉकरमध्ये, पेन्सिल आणि कच्चे कागद त्यांचे. सुरुवातीला एक प्रतिज्ञापत्र स्वतःच्या हाताने, जोडाक्षरी वळणात उतरवून काढायचं: यातले प्रश्न बाहेर कोणाला सांगणार नाही. मला ते वळण पाचवीत चार रेघी वहीत शिकवलं होतं. आत बसलेल्या कित्येक इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा माझं लवकर झालं. मग निबंध, मग बाकीचं. शेवटी पडद्यावर आकडे आले. गणितात ७९०, भाषेत ५४०. कोणी पेढे वाटावेत असे नाहीत, पण बऱ्याच विद्यापीठांचे दरवाजे उघडतील इतके.

आई बाहेर फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. चार तास. तिने गुण विचारले नाहीत. विचारलं, "आपल्यातले किती आले?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही. सही केलीय."

ती सरकारी नोकर. तिला ते लगेच पटलं. "गोपनीय आहे तर नको सांगूस," ती म्हणाली, आणि आम्ही वडापाव खाल्ला.

पुढचं थोडक्यात. एका विद्यापीठात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. विषय नद्या आणि पूर. अर्जासोबतच्या निवेदनात लहानपणापासूनची आवड वगैरे लिहिलेलं सगळं मी काढून टाकलं आणि त्या एका रात्रीबद्दल लिहिलं, विषय आणि संदर्भासहित. ऑगस्ट २००६ मध्ये मी निघाले. विमानतळाच्या काचेपाशी माझे शब्द संपले. मराठीत जे काही म्हणता आलं असतं ते म्हटलं असतं तर आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो असतो. आईने माझी बॅग सरळ केली आणि म्हणाली, "मी सँग्विन आहे."

अमेरिकेत आल्यावर कळलं की हे शब्द इथे फारसं कोणी बोलत नाही. माझे प्राध्यापक साध्या, छोट्या शब्दांत बोलत आणि माझ्या पहिल्या शोधनिबंधातला प्रत्येक मोठा शब्द त्यांनी हिरव्या पेनने खोडला. एका जेवणात मी एका माणसाला टॅसिटर्न म्हटलं तर शेजारची मुलगी म्हणाली, हा शब्द मी फक्त पुस्तकात पाहिलाय. दोन वर्षांत मी निम्मे शब्द विसरले. आता तर ती परीक्षाच आक्रसली आहे. २०२३ पासून ती दोन तासांच्या आत संपते, आणि कोविडनंतर कित्येक विभागांनी तिचे गुण मागणंच सोडलं. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या सांगली-कोल्हापूरच्या मुलांना मी यादी पाठ करू नका असंच सांगते. पैसे वाचतात, महिने वाचतात. हे बरंच झालं. मराठी माध्यमातल्या मुलीला सत्तरातले बारा शब्द येतात म्हणून तिला नदीचं गणित येणार नाही, असं काही नसतं.

पण आईकडे ते शब्द वापरात राहिले. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती ते कुठेही वापरत नाही. बरं असलं की मराठी. काकू गॅर्युलस वगैरे गंमत. पण गुडघा फार दुखत असेल, वडिलांच्या श्राद्धाचा दिवस असेल, मी या वर्षीही येऊ शकणार नाही असं सांगितलं असेल, तर ती एक शब्द टाकते आणि विषय बदलते. "जरा लॅक्रिमोस झाले होते, आता बरी आहे." लॅक्रिमोस म्हणजे रडवेली. 'मी रडत होते' हे ती मला मराठीत कधीच सांगणार नाही. मीही नाही. आमच्या मराठीत त्या वाक्यांना फार वजन आहे. सात समुद्रांपलीकडून ती उचलवत नाहीत. या परक्या शब्दांवर आमच्या घरातलं काहीच साचलेलं नव्हतं, असलंच तर लग्नपत्रिकांचे तुकडे. म्हणून ते उचलायला हलके पडतात.

२०१९ च्या मे महिन्यात ती निवृत्त झाली. ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला, २००५ पेक्षा मोठा. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. मी इथे पडद्यावर धरणांचे विसर्ग बघत होते. आकडे सगळे मला कळत होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. आई घर सोडायला तयार नव्हती. फोन लागला तेव्हा मी ओरडले, रडले, सगळं केलं. ती म्हणाली, "कळलं. मी ऑब्ड्युरेट आहे." शेवटी गल्लीतल्या पोरांनी तिला बोटीत घातलं. बरोबर फाइल, फोटो आणि डबा. मग वीज गेली, मोबाइल बंद पडले, आणि दोन दिवस तिची काही खबर नाही.

तिसऱ्या दिवशी, माझ्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, कोणाच्या तरी फोनवरून संदेश आला. नमस्कार नाही, नाव नाही. आकडा, फूट आणि इंच. त्याच्यापुढे एकच शब्द, इंग्रजीत, एकही चूक नसलेला.

रिसीडिंग.